मन लावून पत्करलेले स्वयंसेवेचे काम नकोसे वाटू लागले आहे. सोडावे की सावरावे?

सायंतारा

नमस्कार. गेली चार वर्षे मी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना वाचायला शिकवण्याचे काम स्वयंसेवक म्हणून करत आहे. शाळेत नियमित जाऊनही ज्यांना एक ओळ सलग वाचता येत नाही, अशा ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी हा वर्ग चालतो. एका स्वयंसेवकाकडे तीनच मुले सोपवली जातात, त्यामुळे प्रत्येकाकडे नीट लक्ष देता येते. पहिली अडीच वर्षे त्या तीन मुलांपलीकडे माझ्यावर कसलीही जबाबदारी नव्हती, आणि दिवसभराची नोकरी करून कितीही दमून गेले तरी वर्गातून परतताना मला हलके वाटत असे.

दीड वर्षापूर्वी आमच्या समन्वयक बाईंना काम सोडावे लागले आणि नवी व्यक्ती मिळेपर्यंत तात्पुरते म्हणून स्वयंसेवकांचे वेळापत्रक मी हाती घेतले. ते तात्पुरतेपण अजून संपलेले नाही. वेळापत्रकामागून हजेरीपट आला, हजेरीमागून पालकांचे फोन आले, मग नव्या स्वयंसेवकांना वर्ग दाखवणे, देणगीदारांना पाठवायचा दर तीन महिन्यांचा अहवाल, आणि कोणी ऐनवेळी आले नाही तर त्याच्या जागी उभे राहणे. यातले एकही काम माझ्यावर कोणी लादलेले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी विचारले, "तू बघशील का?", आणि मी ते बघितले.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण गेल्या आठवड्यात घडले. माझ्याकडचा एक मुलगा सहा महिन्यांपूर्वी जोडाक्षर आले की पुस्तक मिटून टाकायचा. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच अख्खा परिच्छेद वाचत होता. ओळीखाली बोट सरकवत वाचण्याची त्याची पद्धत आहे. 'प्रकाश' या शब्दापाशी बोट थांबले, ओठ दोनदा नुसतेच हलले, मग शब्द आला आणि बोट पुढे निघाले. एवढेच मी पाहिले, कारण त्यानंतर मांडीवर ठेवलेला फोन थरथरला, उद्या येऊ शकत नाही असा एका स्वयंसेवकाचा निरोप होता, आणि मी टेबलाखाली त्याला उत्तर लिहू लागले. मान वर केली तेव्हा मुलाचे बोट शेवटच्या पूर्णविरामावर होते आणि तो माझ्याकडे बघत होता. मी "छान" म्हटले. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही आणि मग त्याने विचारले, "परत वाचू का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. अलीकडे वर्गाच्या दिवशी सकाळपासूनच मनावर ओझे असते, वर्ग रद्द झाला तर सुटल्यासारखे वाटते आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटते. पालकांचा फोन आला की मनात जे शब्द येतात ते मला येथे लिहवत नाहीत. घरचे म्हणतात की लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगितले कोणी होते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसते. ज्यांनी अशी कामे वर्षानुवर्षे केली आहेत त्यांना मला विचारायचे आहे की उमेद टिकवली कशी, आणि इतक्या लवकर मन विटले याचा अर्थ माझी कळकळच मुळात वरवरची होती, असा घ्यायचा का?

मनोवाट

सायंतारा, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त पोखरतो आहे असे दिसते. तुमची कळकळ वरवरची नव्हती. तुम्ही ज्या अवस्थेचे वर्णन केले आहे तिला आज सगळीकडे बर्नआउट म्हणतात, आणि पुष्कळांना ठाऊक नसते की त्या शब्दाचा मानसशास्त्रातला वापर स्वयंसेवकांपासूनच सुरू झाला. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात विनामोबदला काम करत असत. तेथे मोठ्या उत्साहाने आलेली माणसे हळूहळू चिडचिडी, कोरडी आणि निरुत्साही होत जाताना त्यांनी पाहिली, आणि काही काळाने ते स्वतःही त्याच अवस्थेला पोचले. १९७४ साली त्यांनी यावर जो लेख लिहिला त्यात ही वेळ कोणावर येते हा प्रश्न स्पष्टपणे विचारला होता, आणि जे कामाला वाहून घेतात त्यांच्यावर येते, असेच त्याचे उत्तर दिले होते. ज्याने काम अंगाला लावूनच घेतलेले नसते तो कंटाळतो आणि निघून जातो, पण टेबलाखाली फोन बघितल्याबद्दल त्याची झोप उडत नाही.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९८१ मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासह ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीत बर्नआउटला तीन अंगे आहेत: भावनिक शक्ती संपणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटणे. आपण यातले पहिलेच अंग ओळखतो आणि त्याला थकवा म्हणतो. तुमच्या लिहिण्यात मला दुसरे अंग जास्त ठळक दिसते, कारण पालकांचा फोन आल्यावर मनात येणारे ते शब्द म्हणजे हा कोरडेपणाच आहे. तो दुष्टपणा नाही. देण्यासारखे काही उरलेले नसताना सतत मागणी होत राहिली की मन माणसांपासून अंतर राखून स्वतःला वाचवू बघते, आणि नेमके हेच भल्या माणसाला स्वतःविषयी सहन होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि जी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटचे वर्णन आजार म्हणून केलेले नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण दीर्घकाळ चालतो आणि ज्याचे नीट व्यवस्थापन झालेले नसते त्यातून उद्भवणारी ती अवस्था आहे, असे म्हटले आहे. ती व्याख्या नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातली आहे, पण माझ्या मते बिनपगारी कामालाही ती तंतोतंत लागू पडते. किंबहुना थोडी जास्तच, कारण पगारी माणसाला कामाचे तास ठरलेले असतात, रजा असते, वरिष्ठ असतो आणि राजीनाम्याची रीत असते, आणि स्वयंसेवकाला यातले बहुधा काहीच नसते. त्याच्या कामाला कडाच नसतात.

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी नंतर असे दाखवले की माणूस आणि काम यांचा मेळ साधारणपणे सहा ठिकाणी बिघडतो. कामाचा भार, कामावरचा आपला ताबा, मिळणारी दाद, सोबतच्या माणसांशी असलेले नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये, ही ती सहा ठिकाणे. तुमचा मेळ नेमका कुठे बिघडला आहे हे शांतपणे तपासावे, असे मला वाटते, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. तुमची मूल्ये आणि तुमचे काम यांत मला काहीच फारकत दिसत नाही, मुलाने वाचावे असे तुम्हाला आजही मनापासून वाटते. बिघाड भारात आहे आणि ताब्यात आहे. अशा वेळी स्वतःला उमेद देण्यासाठी प्रेरणादायी भाषणे ऐकण्याचा उपयोग होत नाही. आधी कामाचा आकार बदलावा लागतो.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगतो. नकोसेपण फक्त या कामापुरते असेल तर वरचे सगळे लागू आहे. पण एरवी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतले मन उडाले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरांना भेटायला हवे. वेळापत्रक बदलून ते बरे होत नाही.

मध्यरात्रीचा श्रोता

मी एका हेल्पलाइनवर फोन घेतो. मध्ये दोन वर्षांचा खंड पडला तो वगळला तर या कामाला ११ वर्षे झाली. तो खंड कसा पडला ते सांगितले तर तुम्हाला उपयोग होईल असे वाटते, आणि मी तो आजवर फारसा कोणाला सांगितलेला नाही.

आठवड्याला एक पाळी ठरलेली असताना मी तीन-तीन पाळ्या करत होतो, कारण माणसे कमी होती आणि रिकामी पाळी म्हणजे कोणाचा तरी न उचललेला फोन, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हटत नव्हते. फोनवर बोलताना समोर एक वही ठेवण्याची माझी सवय होती. बोलणारा जे शब्द स्वतः वापरतो ते मी त्यात टिपून ठेवायचो, म्हणजे पुढे त्याच शब्दांनी त्याच्याशी बोलता येत असे. एका रात्री पाऊण तासाचा फोन संपवून मी वहीकडे पाहिले, तर पान भरून नुसते चौकोन काढलेले होते. एकात एक, रेघ गिरवून गिरवून जाड केलेले. एकही शब्द नव्हता. त्या माणसाने काय सांगितले ते मला आठवत होते, मी योग्य तेच बोललो होतो, कोणीही तक्रार केली नसती. पण मी तेथे नव्हतो, हे त्या पानावर दिसत होते. तुमच्या मुलाचे पूर्णविरामावरचे बोट वाचले तेव्हा मला ते पान आठवले.

त्यानंतर मी चुकीचे वागलो. पुढच्या महिन्याचे वेळापत्रक ठरवण्यासाठी निरोप आला त्याला मी उत्तर दिले नाही, नंतरच्या निरोपालाही दिले नाही, आणि मग इतकी लाज वाटू लागली की उत्तर देणेच अशक्य होऊन बसले. ज्या कामावर माझा इतका जीव होता त्याचा शेवट मी असा केला. म्हणून सायंतारा, सोडायचे असेल तरी सांगून सोडा, आणि गळून पडण्याच्या आधी सोडा.

दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा काही गोष्टी आधीच बोलून घेतल्या. आठवड्याला एकच पाळी, चार तासांची. दुसऱ्याच्या जागी उभे राहणे महिन्यातून एकदाच, मग निकड कितीही असो. एका वेळी एका वर्षापुरतेच वचन, वर्ष संपले की समोरासमोर बसून पुढे चालायचे की नाही ते ठरवायचे. या तिसऱ्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त फायदा झाला आहे, कारण काम संपण्याची तारीख माहीत असली की त्या तारखेपर्यंत ते निश्चिंतपणे करता येते. न संपणाऱ्या कामातून माणसाला सुटण्याची वाट पळून जाण्याचीच दिसते.

चौथी गोष्ट आमच्याकडे आधीपासून होती, पण मी ती टाळत असे. पाळी संपली की त्या पाळीच्या प्रमुखाशी दहा-पंधरा मिनिटे बोलून मगच घरी जायचे, कोणता फोन मनात अडकून राहिला आहे ते सांगायचे आणि तो तेथेच ठेवून निघायचे. १९५३ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या समॅरिटन्स या हेल्पलाइन संस्थेच्या केंद्रांतही पाळीनंतर असेच बोलून मोकळे होण्याची रीत आहे. मी पूर्वी हे वेळ वाया घालवणे समजत होतो. आता मला वाटते की तो शेवटचा पाव तास हा कामाचाच भाग आहे आणि तो नसेल तर काम संपलेलेच नसते, ते आपल्याबरोबर घरी येते आणि रात्री आपल्या शेजारी झोपते.

गवतफूल

माझे मत थोडे वेगळे आहे. मी सहा वर्षे जखमी प्राण्यांच्या शुश्रूषेचे काम केले आणि एक दिवस पूर्ण थांबलो. रीतसर कळवून, महिनाभराची मुदत देऊन थांबलो, आणि परत गेलो नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही. सावरण्याचे उपाय सांगताना आपण नकळत असे सुचवतो की टिकून राहणे हेच बरोबर आणि सोडणे म्हणजे हरणे. सायंतारा यांनी चार वर्षांत जितक्या मुलांना वाचायला शिकवले ती मुले त्या थांबल्या म्हणून वाचायची विसरणार नाहीत. सोडण्याची वाटही त्यांच्यासमोर सन्मानाने खुली असावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

सायंतारा

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मनोवाट, तुमचा इशारा वाचून स्वतःला तपासून पाहिले. रविवारी मैत्रिणीबरोबर दोन तास चालून आले आणि पूर्ण वेळ मन प्रसन्न होते, म्हणजे मन उडाले आहे ते या कामावरूनच.

श्रोता, तुमचे चौकोन वाचून मला रडू आले.

गवतफूल, तुमचे म्हणणे पटते, पण मला सोडायचे नाही. निदान मुलांना सोडायचे नाही. माझ्या दोन शंका आहेत. भार कमी केला म्हणजे आवड आपोआप परत येते का, की एकदा विटलेले मन विटलेलेच राहते? आणि दुसरी शंका जास्त अवघड आहे. ही वरची कामे मी खाली ठेवली तर ती उचलायला कोणी नाही. वेळापत्रक नसेल तर एखाद्या संध्याकाळी मुले येतील आणि शिकवणारे येणार नाहीत. माझ्या थकव्याची किंमत त्यांनी का मोजावी, हा विचार आला की मी पुन्हा फोन हातात घेते.

मनोवाट

पहिल्या शंकेपुरते लिहितो. आवड परत येते, पण भार कमी झाल्याने नव्हे, तर त्या जागी योग्य गोष्ट आल्याने. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टींचे खतपाणी लागते: आपण हे स्वतःच्या मर्जीने करत आहोत ही भावना, आपल्याला हे जमते ही जाणीव, आणि ज्यांच्यासोबत व ज्यांच्यासाठी करत आहोत त्यांच्याशी जुळलेले नाते. तुमची पहिली अडीच वर्षे या कसोटीवर लावून पाहा. तुम्ही स्वतः निवडलेले काम होते, मूल पुढे सरकताना दिसत होते आणि तीन मुलांशी ओळख होती. आता दीड वर्षाचे काम त्याच कसोटीवर लावून पाहा. ते तुम्ही निवडले नाही, भिडेखातर स्वीकारले. हजेरीपट पूर्ण झाला तरी काही साधल्याचे समाधान मिळत नाही. आणि मुलांच्या जवळ नेण्याऐवजी ते तुम्हाला त्यांच्यापासून दूर नेते. तेव्हा मन विटले आहे ते दुसऱ्या कामाने, आणि सावली पहिल्यावर पडली आहे.

क्लॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या प्रेरणांचा अभ्यास मांडला तेव्हा त्यांना सहा प्रकारची कारणे दिसली. कोणी मूल्यांसाठी येतो, कोणी काही शिकण्यासाठी, कोणी आपली माणसे तेथे आहेत म्हणून, कोणी पुढच्या नोकरीसाठी, कोणी स्वतःच्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी, तर कोणी स्वतःविषयी बरे वाटावे म्हणून. यातले कुठलेही कारण हलके नाही. महत्त्वाचे एवढेच की ज्या कारणासाठी माणूस आला ते त्याला कामातून मिळाले तर तो समाधानी असतो आणि पुढेही राहू इच्छितो. समन्वयाचे काम ज्यांना खरोखर आवडते अशी माणसे असतात. तुम्ही त्यांची जागा अडवून बसला आहात, असाही याचा एक अर्थ निघतो, आणि तो मी टोचण्यासाठी लिहीत नसून धीर देण्यासाठी लिहीत आहे.

आणखी एक. सबीना सोनेनटाग यांनी कामानंतर माणूस पुन्हा ताजा कसा होतो यावर पुष्कळ संशोधन केले आहे. त्यात वारंवार आढळणारी गोष्ट अशी की शरीराने कामापासून दूर जाणे पुरेसे नसते, मनानेही दूर जाता यावे लागते. रात्री पावणेअकराला वेळापत्रकाविषयीचा निरोप येत असेल, तर तुमची दोन संध्याकाळींची सेवा प्रत्यक्षात सातही दिवस चालू असते.

जुनीजाणती

सायंतारा, मी बरीच वर्षे समन्वयक होते, म्हणजे "तू बघशील का?" हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. म्हणून तुमची दुसरी शंका माझ्या वाट्याची आहे, असे समजून सविस्तर लिहिते.

आम्ही तो प्रश्न कोणाला विचारतो हे आधी कबूल करायला हवे. जो काम उत्तम करील त्याला आम्ही विचारतोच असे नाही. जो नाही म्हणत नाही त्याला विचारतो. घाईच्या वेळी माणूस कमी भीड पडेल अशा ठिकाणी जातो, आणि एकदा होकार मिळाला की पुढच्या वेळी दुसरीकडे बघण्याचे कारणच उरत नाही. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण असा पायंडा पडला की संस्थेला आपल्याकडे माणसे कमी आहेत हेच कळत नाही, कारण एक माणूस ती उणीव रोज रात्री भरून काढत असतो. माझ्या हाताखाली असेच एक गृहस्थ होते. ते आजारी पडले तेव्हा कळले की ते एकटे पाच जणांचे काम करत होते. त्यानंतर चार महिन्यांत आम्ही पाच माणसे शोधली, म्हणजे ती माणसे मिळण्यासारखी होती. ते आजारी पडेपर्यंत आम्ही शोधली नाहीत, आणि याची मला आजही खंत आहे.

तर आता काय करावे. आधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. वर्गाबाहेरचे प्रत्येक काम, अगदी दोन मिनिटांचा निरोपसुद्धा, वेळेसह वहीत लिहा. तुमच्या संस्थेला तुमचा थकवा दिसत नाही, पण तासांचा आकडा दिसेल. मग एक पत्र लिहा आणि त्यात तारीख घाला. "दुसरी व्यक्ती मिळाली की मी हे सोडेन" असे चुकूनही लिहू नका, कारण त्या वाक्याने व्यक्ती मिळत नसते, मुदतवाढ मिळत असते. सहा आठवड्यांनंतरची एक तारीख द्या. त्या दिवसापर्यंत मी सगळे सांभाळीन, कोणी येईल त्याला शिकवीन, त्या दिवसानंतर माझ्याकडे फक्त तीन मुले असतील, असे सरळ लिहा. कारणे फार देऊ नका, कारण जितकी कारणे द्याल तितक्या कारणांवर तोडगे निघतात.

काम सोपवताना ते अखंड एकाच्या गळ्यात घालू नका, नाहीतर वर्षभराने तुमच्या जागी दुसरी सायंतारा इथे हाच प्रश्न विचारत असेल. वेळापत्रक एकाकडे, अहवाल दुसऱ्याकडे, नव्यांना वर्ग दाखवणे तिसऱ्याकडे, अशी वाटणी होऊ शकते. अहवालासारखे काम घरी बसून करता येते, आणि संध्याकाळी वर्गावर येणे शक्य नसलेली पण मदत करू इच्छिणारी माणसे असतात. त्यांना आपण विचारतच नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोर स्वयंसेवक म्हणजे वर्गात उभा असलेला माणूस एवढेच चित्र असते.

राहिला मुलांचा प्रश्न. हस्तांतराच्या काळात गोंधळ होईल. एखादा अहवाल उशिरा जाईल, एखाद्या संध्याकाळी दोन गट एकत्र बसवावे लागतील, आणि ते बघून तुमचे हात शिवशिवतील. त्या वेळी मध्ये पडू नका. मुलांना त्याची झळ लागणार नाही असे मी म्हणणार नाही, थोडी लागेल. पण आज त्यांना जी झळ लागते आहे ती तुम्ही स्वतःच पहिल्या पत्रात लिहिली आहे. तुम्ही फोन हातात घेता तो त्यांच्यासाठी घेता असे तुम्हाला वाटते, आणि तो मुलगा मात्र वाचून झाल्यावर तुमच्याकडे बघत असतो.

सायंतारा

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. जुनीजाणती ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे नोंद ठेवली. वर्गात मी आठवड्याला ४ तास असते, आणि वर्गाबाहेरच्या कामाचे दोन्ही आठवड्यांचे सरासरी ९ तास भरले. हा आकडा संस्थेआधी मलाच माहीत नव्हता. नोंदीसह पत्र दिले. पहिले उत्तर "एवढे हंगाम संपेपर्यंत बघ" असे आले. मी पत्रातलीच तारीख पुन्हा कळवली, तेव्हा हात थरथरत होता. त्यानंतर आठ दिवस कोणीच काही बोलले नाही आणि ते आठ दिवस फार जड गेले. मग एका स्वयंसेवकाच्या बहिणीने घरून अहवाल लिहायचे कबूल केले, आणि वेळापत्रक घ्यायला आमच्यातलाच एक स्वयंसेवक मुलगा पुढे आला. तो म्हणाला की त्याला असली कामे आवडतात, पण ते काम माझे आहे असे समजून तो कधी बोलला नव्हता. ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभे राहण्यासाठी अजून कोणी नाही. परवा दोन गट एकत्र बसवावे लागले. मी माझ्या तीन मुलांपाशीच बसून राहिले, पण सोपे गेले नाही.

वर्गात शिरताना फोन आता दाराजवळच्या कपाटात ठेवते. माझ्याकडच्या त्या मुलाला मी तोच परिच्छेद परत वाचायला सांगितला. 'प्रकाश'पाशी बोट थांबले नाही, पुढे 'स्वच्छ' या शब्दाशी थांबले, आणि बराच वेळ थांबले. मला सांगावेसे वाटत होते, पण मी सांगितले नाही.

एक व्यावहारिक शंका उरली आहे. पालकांकडे गेली दीड वर्षे माझाच नंबर आहे. वेळापत्रक घेतलेल्या नव्या मुलाचा नंबर सगळ्यांना कळवला, तरी फोन मलाच येतात. उचलला नाही तर उद्धटपणा वाटतो, आणि उचलला तर तेच पुन्हा सुरू होते. हे कसे करावे?

जुनीजाणती

पहिले दोन आठवडे उचला, पण प्रश्नाचे उत्तर देऊ नका. उत्तर तुम्हाला ठाऊक असले तरीही देऊ नका. "हे आता ते बघतात, मी त्यांना तुम्हाला फोन करायला सांगते" एवढेच म्हणा, आणि नव्या मुलाला लगेच कळवा, म्हणजे पालकांना त्याच्याकडून उत्तर मिळण्याची सवय लागेल. त्यानंतर वर्गाच्या दिवशी एकेका पालकाशी त्याची प्रत्यक्ष ओळख करून द्या. ज्या माणसाला चेहऱ्याने ओळखतो त्याला फोन करायला संकोच वाटत नाही. ऐनवेळी जागा घेण्यासाठी एक-दोन माणसांची स्वतंत्र यादी हवी, ज्यांनी कायमचा वर्ग घेतलेला नाही अशांची. ती तयार करण्याचे काम त्या मुलाला करू द्या, तुम्ही करू नका.